मेणाचं घर वितळलं तर?

जुन्या परीकथेला यंत्राचे हातपाय जोडायचे आणि ती कुमारांच्या हाती द्यायची, हा निव्वळ बाजाराचा उद्योग, असं वाचनाची कळकळ असलेली माणसंही म्हणतात. रोख असतो मरिसा मायर यांच्या ‘सिंडर’सारख्या (2012) कादंबऱ्यांवर. तिथली सिंड्रेला भविष्यातल्या न्यू बीजिंगच्या बाजारात यंत्रं दुरुस्त करते, तिच्या शरीराचा काही भाग यांत्रिक आहे आणि राजवाड्याच्या पायऱ्यांवर तिचा बूट नाही, अख्खं पाऊलच निखळतं. या प्रकारावरचे तिन्ही आक्षेप मला अमान्य आहेत.

पहिला आक्षेप : मूळ कथा बिघडते. पण मूळ कोणतं? काचेचा बूट फ्रेंच लेखक पेरोने 1697 साली लिहिला. त्याच्या कितीतरी आधी, नवव्या शतकात, चीनमध्ये दुआन चेंगशी यांनी येशियान नावाच्या सावत्र मुलीची आणि तिच्या सोनेरी पादत्राणाची गोष्ट नोंदवली होती. सिंड्रेला बीजिंगला गेली, ती माहेरीच गेली म्हणायची.

दुसरा : यंत्र आलं की गोष्टीतला ओलावा आटतो. हे सोलापुरात तरी कुणी म्हणू नये. आपल्या चादरीवरची फुलं जॅकार्ड मागावर उमलतात. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांनी धाग्यांना हुकूम देण्याची ही रीत. त्याच पुठ्ठ्यांची कल्पना चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी उचलली. म्हणून चादरीची ऊब कमी झाली नाही.

तिसरा : हे आपलं नव्हे. जयंत नारळीकरांनी यंत्रमानवाच्या कादंबरीला ‘वामन परत न आला’ हे नाव दिलं, तेव्हाच याचं उत्तर मिळालं. तीन पावलं जमीन मागून त्रिभुवन व्यापणाऱ्या बटूची आठवण त्या एका नावाने जागी होते आणि यंत्राची भीती मराठी वाचकाला कळते.

एक गोष्ट मात्र मान्य. भोपळ्याच्या रथाऐवजी नुसतं अवकाशयान उभं केलं, तर ती फसवणूक आहे. कसोटी सोपी आहे : विज्ञान काढून घेतल्यावर गोष्ट जशीच्या तशी उरली, तर विज्ञान फुकट गेलं.

या कसोटीला आपली चिमणी-कावळ्याची गोष्ट लावून पाहू. पावसात कावळ्याचं शेणाचं घर वाहून गेलं आणि चिमणीचं मेणाचं राहिलं, हे भरपूर पावसाच्या मुलखात शोभतं. इथे जुळे सोलापुरात पाऊस बेताचा, मे महिन्यात पारा चाळिशीपार आणि उन्हात पत्रा हवेपेक्षाही कितीतरी जास्त तापतो. मेण साधारण 62 ते 64 अंशांना वितळतं. मऊ तर त्याआधीच पडतं. तापत चाललेल्या पृथ्वीवर आणखी काही अंश चढवा, तापल्या पत्र्याखाली मेणाचं घर ठेवा, आणि गोष्ट उलटी फिरते. शेणामातीची जाड भिंत आत गारवा धरून आहे, आणि चिमणी पिल्लाला घेऊन कावळ्याच्या दारात उभी आहे.

अशी गोष्ट पंधरा वर्षांच्या मुलीला हवी. लहानपणी तिने ही गोष्ट आजीच्या मांडीवर चिमणीच्या बाजूने ऐकली. आता उष्णतेचा हिशेब तिला करता येतो. न्यायाचाही करता यायला हवा. बाळाच्या न्हाण्यामाखण्याची सबब सांगून चिमणीने कावळ्याला पावसात ताटकळत ठेवलं होतं, हे तिला पाठ आहे. आज कडी आतून कावळ्याच्या हातात आहे. ती काढायची की नाही, हे त्या मुलीला लिहू द्या.