वय झाले म्हणून सायकल अडगळीत टाकू नका

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने सायकलने लांबच्या गावी जायचे म्हटले की घरातून पहिला प्रश्न येतो, "या वयात झेपेल का?" बाई असेल तर लगेच दुसरा, "शोभतं का?" बंधू-भगिनींनो, पहिला प्रश्न दवाखान्यात विचारायचा आहे. दुसरा विचारायचाच नाही.

आपल्या वस्तीत सायकल ही गरिबीची खूण ठरली आहे. मुलाने मोटारसायकल घेतली की बापाची सायकल जिन्याखाली गंजते. ज्याने तीस वर्षे सायकलवर कामाला ये-जा केली, त्याला आपण मानाने खुर्चीत बसवतो. मान राखला जातो, पण पाय आखडतात आणि दम कमी होतो. वस्तीतल्या शिबिरांत रक्तदाब मोजताना हे आम्ही नेहमी पाहतो.

फ्रान्सचे रॉबेर मार्शां यांचा जन्म १९११ चा. अग्निशामक, ट्रकचालक, लाकूडतोड अशी अंगमेहनतीची कामे त्यांनी केली. साठी उलटल्यावर ते पुन्हा सायकलकडे वळले आणि १९९२ साली, ऐंशी वर्षे पूर्ण झालेली असताना, पॅरिसहून मॉस्कोला सायकलने गेले. शंभरी पार केल्यावर डॉक्टरांनी आखून दिलेला सराव त्यांनी दोन वर्षे केला, तेव्हा त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता सुमारे १३ टक्क्यांनी वाढली. २०२१ साली १०९ व्या वर्षी ते गेले. सगळ्यांचे असे होईल असे आम्ही म्हणत नाही. पण म्हातारपणीही हृदय आणि फुप्फुसे सरावाला दाद देतात, एवढे यातून कळते.

इंग्लंडच्या अ‍ॅन मस्टो या मुख्याध्यापिका. भारतात फिरायला आल्या असताना राजस्थानच्या वाळवंटात बसच्या खिडकीतून त्यांना एकटा सायकलस्वार दिसला आणि मनात विचार आला. १९८७ साली, ५४ व्या वर्षी, नोकरी सोडून त्या जगप्रवासाला निघाल्या. पंक्चर काढता येत नव्हते. पंधरा महिन्यांत सुमारे १९ हजार किलोमीटर झाले. मुक्काम-विश्रांती धरून हिशोब केला तर दिवसाला चाळीसेक किलोमीटर. आपल्याकडचे कितीतरी दूधवाले आणि फेरीवाले कमी-अधिक एवढेच अंतर तोडतात. म्हणजे लांबचा प्रवास ताकदीपेक्षा सवयीवर आणि संथ गतीवर होतो.

त्यांच्याजवळ सवड आणि पैसा होता, हे खरे. आपल्या माणसाचा रोज बुडतो. २०२० च्या टाळेबंदीत मजूर शेकडो किलोमीटर सायकल मारत गावी गेले, ती फरफट होती. म्हणूनच आम्हाला वाटते की कष्ट करून थकलेल्या माणसाला एकदा तरी आपल्या मर्जीने, आपल्या वेगाने प्रवास करता आला पाहिजे. जगप्रवास राहू द्या. दोन दिवसांत लेकीच्या गावी पोहोचलात तरी पुष्कळ.

पण तयारीशिवाय निघू नका. आधी सरकारी दवाखान्यात रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन तपासा. छातीत दुखत असेल, चालताना धाप लागत असेल तर ईसीजी काढून डॉक्टरांचा सल्ला घ्या. सुरुवात आठवड्यातून तीन दिवस, पाच-पाच किलोमीटरने करा आणि हळूहळू वाढवा. लागोपाठ दोन दिवस तीस किलोमीटर सहज जमले की मगच मुक्कामाचा बेत आखा.

सायकलवर अंगाचा भार सीटवर येतो, म्हणून गुडघ्यांना चालण्यापेक्षा सोपे जाते. मात्र सीट खाली असेल तर तेच गुडघे दुखतात. पायडल अगदी खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला हवा. सायकलने हाडांना चालण्याइतका फायदा होत नाही, म्हणून रोज थोडे चालाही. बायांनी मधला दांडा खाली असलेली सायकल घ्यावी.

इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेणाऱ्यांनी जेवण चुकवू नये आणि खिशात साखर ठेवावी. हात थरथरले, घाम फुटला की थांबून ती खावी. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उन्हात अंगातले पाणी लवकर कमी होते. पाणी किती प्यावे, हे डॉक्टरांना विचारूनच निघा. पहाटे निघा, दुपारी सावलीत थांबा. छातीत कळ, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणे, थंड घाम यांपैकी काहीही झाले तर लगेच उतरा आणि १०८ ला फोन करा.

एकट्याने जाऊ नका, तिघे-चौघे मिळून जा. डोक्याला हेल्मेट आणि मागे लाल दिवा लावा. महामार्ग टाळून गावरस्ता धरा. आणि घरच्यांनो, अडवण्याऐवजी जिन्याखालची सायकल बाहेर काढा, ब्रेक तपासा, चेनला तेल घाला. आईला चालवता येत नसेल तर मोकळ्या मैदानात नेऊन शिकवा.