जॉबकार्डावर सही करण्याआधी

समोरच्या वहिनींच्या मुलाच्या गाडीच्या फुकट सर्व्हिसिंग संपल्या. आता पैसे मोजून करायची पहिली वेळ आली, तेव्हा तो परवा संध्याकाळी बुऱ्हाणपूरच्या लालबागातल्या आमच्या ओट्यावर येऊन बसला. "काका, इथेच लालबागात आपल्या मिस्त्रीकडे ऑइल बदललं तर वॉरंटी जाते का हो?" शोरूमवाल्याने त्याला सांगितलं होतं, जाते. मिस्त्रीने सांगितलं होतं, कोण बघायला येतंय! दोघांच्याही उत्तरात आपापला धंदा होता, त्यामुळे पोरगा बिचारा मधल्या मध्ये लटकला होता.

बरं, "फुकट" या शब्दानेही त्याची दोन वर्षं फसगत केली होती. फुकट असते ती मजुरी. ऑइल, फिल्टर, वॉशर असलं सगळं पहिल्यापासून बिलात असतंच.

वॉरंटीचं आधी पाहू. २०११ साली शमशेर कटारिया नावाच्या ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे होंडा, फोक्सवॅगन आणि फियाट यांच्याविरुद्ध तक्रार केली. सुटे भाग आणि गाडी तपासायची साधनं कंपन्या बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत, म्हणून ग्राहकाला डीलरशिवाय दार उरत नाही, असं तिचं सार होतं. चौकशीचं जाळं पसरत गेलं आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. त्यात टाटा मोटर्सच्या वाट्याला १३४६ कोटी, मारुतीच्या वाट्याला ४७१ कोटी. दंडाच्या आकड्याने मथळे भरले, पण तुमच्या-माझ्या कामाची गोष्ट आदेशाच्या पोटात होती. बाहेर काम केलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करायची नाही. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असं आयोगाने बजावलं. अमेरिकेत या अर्थाचा कायदा १९७५ पासून आहे.

मग प्रश्न मिटला? नाही. कंपन्या अपिलात गेल्या. डिसेंबर २०१६ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने टोयोटा, फोर्ड आणि निसानच्या बाबतीत आयोगाचे निष्कर्ष उचलून धरले, दंड मात्र बराच खाली आणला. पुढे कोर्टकचेऱ्या चालूच राहिल्या. तेव्हा तत्त्व आपल्या बाजूने आहे, पण उद्या गिअरबॉक्स बसला आणि डीलरने हात वर केले, तर तत्त्व हातात घेऊन भांडायला आपल्यालाच जायचं आहे. म्हणून त्या पोराला मी सांगितलं, वॉरंटी आहे तोवर डीलरकडेच जा. पण जाताना गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक घेऊन जा.

हे पुस्तक म्हणजे गाडीच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीतून कधी बाहेर न निघालेली ती जाडजूड पुस्तिका. तिच्यात शेवटाकडे एक तक्ता असतो: किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी काय बदलायचं, काय नुसतं तपासायचं. कंपनीच्या इंजिनिअरांनी केलेला हा तक्ता आणि डीलरच्या काउंटरवर छापून मिळणारं एस्टिमेट शेजारी शेजारी ठेवून बघा. इंजिन फ्लशिंग, डिकार्बनायझिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग, टेफ्लॉन, ऑइलमध्ये घालायची कसली तरी बाटली. माझ्या गाडीच्या तक्त्यात यातल्या एकाही शब्दाचा पत्ता नाही. गेल्या खेपेला माझ्या एस्टिमेटमध्ये या "जादा" ओळींची बेरीज मूळ सर्व्हिसिंगपेक्षा जास्त होती. त्या वर्कशॉपचं नाव सांगत नाही, कारण दुसरीकडे गेलो असतो तरी कागद साधारण असाच निघाला असता.

याचं कारण त्या काउंटरवरच्या मुलाच्या स्वभावात शोधू नये. नवी गाडी विकून डीलरला फारसं सुटत नाही; त्याचं घर चालतं ते सर्व्हिसिंग, सुटे भाग, विमा आणि अॅक्सेसरीजवर. सर्व्हिस अॅडव्हायझर नावाच्या त्या टाय लावलेल्या मुलाला महिन्याचं टार्गेट असतं आणि इन्सेंटिव्ह असतो तो कोटिंगवर, बाटल्यांवर. ऑइल नीट बदलून दिलं म्हणून त्याला कुणी शाबासकी देत नाही. औषधाच्या दुकानातल्या सेल्समननेच नाडी तपासून चिठ्ठी लिहावी, तसला हा प्रकार. आत शेडमध्ये हात काळे करणारा मेकॅनिक वेगळा माणूस असतो. तो आयटीआय शिकलेला, त्याच कंपनीच्या गाड्या रोज उघडणारा. त्याच्या कामाबद्दल माझी फारशी तक्रार नाही. अविश्वास दाखवायचाच तर काउंटर आणि शेडच्या मधल्या काचेच्या अलीकडे दाखवावा, पलीकडच्यावर नाही.

डीलरकडे जाण्याची खरीखुरी कारणंही आहेत. जुलै २०२० मध्ये मारुतीने वॅगनआर आणि बलेनोच्या एकूण १,३४,८८५ गाड्या इंधनपंप तपासायला परत बोलावल्या. सदोष पंप फुकट बदलून मिळणार होता. असं बोलावणं डीलरच्या नोंदवहीतून येतं, आणि ज्याचा फोन नंबर तिथे जुना पडला आहे त्याला ते कळायला उशीर होतो. एअरबॅग, एबीएस, स्टिअरिंगची मोटर यांचं काम कंपनीच्या स्कॅनरशिवाय सहसा नीट होत नाही. आणि २०२० नंतरच्या, भारत स्टेज सहाच्या बहुतेक डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी पकडणारा फिल्टर असतो. त्याला कमी राखेचं, ठरावीक दर्जाचंच ऑइल लागतं. डबा बघितल्याशिवाय भरलेलं साधं ऑइल त्या महागड्या फिल्टरचं आयुष्य खातं.

इथे आपल्या मिस्त्रीचीही थोडी उलटतपासणी करायला हवी. लालबाग ही मिलची वस्ती. ताप्ती मिलच्या भोंग्यावर जगलेल्या घरांत यंत्राची जाण पिढीजात आहे. माझा मिस्त्री मिलमधल्या फिटरचाच मुलगा, नुसत्या आवाजावरून बेअरिंग सांगतो. काही वर्षं तो एका शोरूमच्या शेडमध्ये होता, मग स्वतःचं टपरीवजा गॅरेज टाकलं. माणूस सरळ, मजुरी वाजवी, जुना पार्ट हातात आणून देतो. पण त्याच्या डोक्यातली गाडी अजून दहा-पंधरा वर्षांपूर्वीची आहे. "भाऊ, गाढा ऑइल डालो, इंजिन मक्खन चलेगा," हा त्याचा आवडता सल्ला. ज्या इंजिनाला कंपनीने पातळ ऑइल नेमून दिलंय त्यात जाड ऑइल भरलं की अॅव्हरेज पडतं आणि थंड इंजिनाच्या वरच्या भागांना ते उशिरा पोहोचतं. डॅशबोर्डवर पिवळी बत्ती लागली तर त्याचं उत्तर तयार असतं: "उस का टेन्शन मत लो, निकाल देंगे." बिघाड नव्हे हो, बत्ती!

आणि ब्रेक ऑइल. ते बदलतात हेच आपल्याकडे अर्ध्या लोकांना ठाऊक नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, मग त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. सपाटीला हे कळत नाही. पण इंदूरहून येताना भेरूघाट उतरताना, किंवा असीरगडाजवळ सातपुड्याच्या उतारावर केळीच्या ट्रकमागे सारखा ब्रेक दाबत यावं लागतं तेव्हा ते तापतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल भुसभुशीत लागतं. बहुतेक कंपन्या दोनेक वर्षांनी ते बदलायला सांगतात. डीलरच्या एस्टिमेटमध्ये ही ओळ आपोआप येते. गॅरेजमध्ये आपण म्हटल्याशिवाय येत नाही. म्हणजे तिकडे नको त्या गोष्टी माथी मारतात, आणि इकडे हव्या त्या राहून जातात. मला दुसरी चूक जास्त धोक्याची वाटते.

बुऱ्हाणपूरकरांची आणखी एक अडचण आहे, जी पुण्या-मुंबईच्या वाचकाला सांगून कळणार नाही. सगळ्याच कंपन्यांची अधिकृत वर्कशॉप गावात नाहीत. कुणाला खंडवा, कुणाला जळगाव, कुणाला थेट इंदूर. नुसतं ऑइल बदलायला इंदूरला जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटर गाडी पिटायची आणि तिथे सोफ्यावर मोफत कॉफी पीत दिवस घालवायचा! वॉरंटी संपल्यावर हा उपद्व्याप करणाऱ्याला मी शहाणा म्हणणार नाही. गाडी घेतानाच जवळचं वर्कशॉप कुठे आहे ते विचारावं. रंग आपण तासभर निवडतो, हे मात्र विचारत नाही.

उलट आपल्या गावचं हवापाणी लक्षात घेऊन काही गोष्टी तक्त्याच्याही आधी कराव्या लागतात. त्याच पुस्तिकेत खडतर वापरासाठी वेगळा तक्ता असतो. धूळ, कडक ऊन, जवळच्या जवळच्या खेपा हे सगळं त्यात मोडतं. लालबाग स्टेशन ते शहर तीनेक किलोमीटर. रोज तेवढीच फेरी मारणाऱ्या गाडीचं इंजिन धड तापतच नाही, आणि ऑइलमधली ओल उडून जात नाही. "माझी गाडी वर्षात चार हजारच चालली, ऑइल कशाला बदलू?" असं म्हणणाऱ्या आमच्यासारख्या पेन्शनरांची गाडी खरी खडतर वापरातली! एअर फिल्टरही आपल्याकडच्या धुळीत लवकर भरतो. तो काढून बघायला ना स्कॅनर लागतो ना इंजिनिअर.

या बाबतीत मी ज्यांचं ऐकतो ते कुंडी भंडारा आणि शाही किल्ला दाखवत पर्यटक फिरवणारे टॅक्सीवाले. त्यांना गाडीची हौस परवडत नाही, हिशेब परवडतो. वॉरंटीभर डीलर, मग ठरलेला एक मिस्त्री. ऑइल-फिल्टर मात्र स्वतः दुकानातून पक्क्या बिलावर आणायचे, सीलबंद डबा समोर उघडायचा, आणि किलोमीटरचा आकडा वहीत टिपायचा. जॉबकार्डावर, म्हणजे वर्कशॉपच्या कामांच्या यादीवर, सही करताना ते नको त्या ओळींवर पेनाने आडवी रेघ मारतात. टाय लावलेला मुलगा कितीही "सर, हे कंपनी रेकमेंड करते" म्हणाला तरी ते विचारतात, पुस्तकात दाखव. पान सापडत नाही.

बिल हातात आलं की तेही वाचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. मजुरीवर तो आधीपासून १८ टक्केच होता. "कन्झ्युमेबल्स" नावाची ओळ दिसली तर काय आणि किती वापरलं ते विचारा. न सांगता केलेल्या कामाचे पैसे लावले असतील तर आधी वर्कशॉप मॅनेजरला लेखी द्या. तिथे दाद लागली नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहेच.

समोरच्या मुलाने शेवटी डीलरकडेच सर्व्हिसिंग केलं आणि चार ओळींवर रेघ मारून आला. वॉरंटी संपली की तो आपल्याच मिस्त्रीकडे येणार आहे. म्हणून लालबागच्या समस्त गॅरेजवाल्यांना माझी विनंती आहे: मोबाइलवर आकडा टाइप करून दाखवू नका, पक्कं बिल द्या. त्यावर गाडीचा नंबर, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड आणि तुमचा शिक्का असू द्या. आणि वॉरंटीतच कुणी तुमच्याकडे आला, तर २०१४ च्या त्या आदेशाचा फायदा मिळवायला त्याच्या हातात पुरावा म्हणून दुसरा कागद नाही.