हळदीचे छायाचित्र

वसमतच्या बाजारात व्यापारी हळकुंड हातात घेतो, मोडतो आणि आतला रंग पाहतो. मगच भाव बोलतो. मुंबईच्या किंवा हैदराबादच्या गिऱ्हाइकाला असे करता येत नाही. तो जाहिरातीतले छायाचित्र पाहून पाकीट मागवतो. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. आता हे नाव दूरवर जाईल आणि नावाबरोबर चित्रही जाईल. ते चित्र कोणत्या कॅमेऱ्याने काढावे? फिल्मच्या की डिजिटल?

फिल्म म्हणजे रसायनाचा लेप दिलेली पट्टी. तिच्यावर प्रकाश पडला की चित्र उमटते, पण धुतल्याशिवाय दिसत नाही. रंगीत जाहिरातींसाठी बहुधा स्लाइड फिल्म वापरीत. प्रकाश थोडा कमीजास्त झाला, तरी तिच्यावरचे चित्र बिघडे. स्टुडिओतल्या मोठ्या कॅमेऱ्याच्या एका रिळात चौकोनी चित्रे फक्त १२ निघत. म्हणून छायाचित्रकार आधी पोलरॉइडवर झटपट नमुना काढी, दिवे हलवी, पुन्हा नमुना पाही आणि मगच खरे चित्र काढी. एवढा खर्च मोठ्या कंपन्यांना परवडे. वसमतच्या शेतकऱ्याला तो कसा परवडणार?

कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने १९७५ साली डिजिटल कॅमेरा तयार केला. त्यात एक कृष्णधवल चित्र कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद लागत! पुढे हेच तंत्र इतके सुधारले की फिल्मचा धंदा बसला. फिल्म विकून मोठी झालेली कोडॅक २०१२ साली दिवाळखोरीत गेली. आपल्याकडे उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना होता, तोही बंद पडला. उर्दू वर्तमानपत्रे पूर्वी कातिब हाताने लिहीत. संगणक आला आणि त्यांचे काम गेले. फिल्म धुणाऱ्या कारागिरांचेही तसेच झाले. त्यांच्याबद्दल मला हळहळ वाटते. तरी जाहिरातीसाठी मी डिजिटल कॅमेराच निवडीन. चित्र लगेच दिसते, चूक तिथेच सुधारता येते आणि रिळाचा खर्च नाही.

काही जण म्हणतात, "फिल्म खरे बोलते, डिजिटल चित्राचे रंग संगणकावर हवे तसे बदलता येतात." हे मला पटत नाही. १९९० साली आलेली फुजीची वेल्व्हिया फिल्म मुळात भडक रंगांसाठीच प्रसिद्ध झाली. फिल्मच्या काळातही कारागीर चित्रावर कुंचला फिरवीतच. मात्र एक गोष्ट मान्य केली पाहिजे. छापखान्यात मूळ स्लाइड समोर ठेवून छपाईचा रंग जुळवता येई. डिजिटल चित्र एका पडद्यावर पिवळे, तर दुसऱ्यावर नारिंगी दिसते.

यात एवढे काय बिघडले, असे तुम्ही विचाराल. बिघडते ते असे. जाहिरातीत हळद सोन्यासारखी चमकली, तर गिऱ्हाइकाला तसाच रंग हवासा वाटतो. मग प्रामाणिक शेतकऱ्याची चांगली हळदसुद्धा त्याला फिकी दिसते. एखादा लोभी व्यापारी रंग आणण्यासाठी मेटॅनिल यलोसारखा घातक रंग मिसळतो. ती हळद आपल्याच घरातल्या भाजीत पडते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार फसव्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण चित्रातली हळद खरीपेक्षा किती पिवळी आहे, हे मोजायला कोण बसणार?

म्हणून वसमतच्या हळदीचे चित्र काढताना मोडलेले हळकुंड आणि रंग जुळवण्याचे राखाडी कार्ड पहिल्या चित्रात असावे. ते मूळ चित्र न बदलता जपून ठेवावे. संगणकावर रंग ठरवणाऱ्याच्या टेबलावरही तेच हळकुंड असावे, आणि खिडकी उघडी असावी.