विश्लेषण : इम्प्लांटचा दात पक्का, पण हिरडीचे काय?

बीड जिल्ह्यातल्या हजारो घरांत वर्षाचे दोन भाग पडतात. दसरा-दिवाळीनंतर धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार भागातल्या टोळ्या ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. परततात त्या पाडव्याच्या आगेमागे. पडलेल्या दाताच्या जागी इम्प्लांट बसवावा का, हा प्रश्न अशा घरात केवळ पैशांचा राहत नाही. बसवलेला इम्प्लांट किती वर्षे टिकेल हे बरेचसे त्याभोवतीच्या हिरडीवर ठरते आणि हिरडीला नियमित तपासणी लागते.

हिरडी इतकी महत्त्वाची का?

टायटॅनियम हाडाशी एकजीव होते, हे स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रेनमार्क यांनी दाखवले आणि १९६५ मध्ये पहिल्या रुग्णावर हे उपचार केले. हाडाचा प्रश्न त्यामुळे सुटला, हिरडीचा तितका सुटला नाही. खऱ्या दाताच्या मुळात हिरडीचे तंतू आडवे रुतलेले असतात. जंतूंसाठी ते कुंपणच. टायटॅनियममध्ये तंतू असे रुतत नाहीत, नुसते बिलगून राहतात. दात आणि हाड यांना जोडणारा अस्थिबंध व त्यातून येणारे रक्तही इथे नसते. साहजिकच सूज हाडापर्यंत लवकर पोहोचते.

आधी फक्त हिरडी सुजते, घासताना रक्त येते. या टप्प्यावर नीट सफाई केली तर ती पूर्ववत होऊ शकते. दुर्लक्ष झाले तर हाड झिजू लागते. मग अनेकदा शस्त्रक्रिया करावी लागते आणि तरीही गेलेले हाड पूर्ण भरून येईल याची खात्री नसते. विविध देशांतील अभ्यासांच्या २०१५ मधील एका आढाव्यात पहिला त्रास सरासरी ४३ टक्के, तर हाड झिजण्याचा २२ टक्के रुग्णांत असल्याचा अंदाज आहे. अडचण अशी की हे सारे बहुधा दुखत नाही. स्क्रू हलू लागतो तोवर फार उशीर झालेला असतो.

तंबाखू आणि मिश्रीचा संबंध काय?

जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार (२०१६-१७) महाराष्ट्रात सुमारे २४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरतात. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण मिश्री आणि मळलेला तंबाखू घरातलाच. जिथे बार धरला जातो तिथली हिरडी खाली सरकते. आधीच हिरड्यांच्या आजाराने दात गेलेल्यांना इम्प्लांटमध्येही तोच धोका अधिक, हे तर संशोधनात ठळकपणे दिसते. म्हणजे ज्याला इम्प्लांटची गरज सर्वाधिक, त्यालाच जोखीमही जास्त.

हंगाम आणि उपचार

स्क्रू हाडात मुरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, जवळजवळ एका हंगामाएवढे. त्यामुळे ‘जाताना स्क्रू, येताना दात’ हा हिशेब सोयीचा वाटतो. तो धोक्याचा आहे. टाके काढणे आणि पहिल्या काही आठवड्यांची देखरेख कोपीवर होणार नाही. पाडव्यानंतर स्क्रू बसवून दसऱ्यापूर्वी वरचा दात लावणे आणि निघण्याआधी एक तपासणी करून घेणे त्यापेक्षा बरे. शासकीय दंत महाविद्यालय गाठायचे तर छत्रपती संभाजीनगर, बीड शहरापासूनच सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. अशा तपासणीसाठी एक रोज बुडतो, हे शहरातल्या डॉक्टरांना सांगावे लागते.

वर्षातून दोनदा दवाखान्यात येणे जमणारच नसेल, तर काढता-घालता येणारी कवळी सुचवणे ही डॉक्टरांची माघार समजू नये. ती रात्री काढून धुता तरी येते. आणि इम्प्लांट बसवलाच, तर कंपनीचे नाव व स्क्रूचे माप लिहिलेले कार्ड मागून घ्यावे. कंपनीगणिक सुटे भाग वेगळे असतात. सांगली-कोल्हापूरकडे हिरडी सुजली तर तिथल्या दंतवैद्याला हातात काय धरायचे ते त्या कार्डावरूनच कळेल.