वाघांच्या आकड्यामागची पायपीट

दर चार वर्षांनी देशातील वाघांचा आकडा जाहीर होतो, वृत्तपत्रांचे मथळे सजतात आणि अभिनंदनाचे ठराव होतात. २०२२ च्या गणनेनुसार देशात किमान ३,१६७ व सरासरी ३,६८२ वाघ आहेत, महाराष्ट्रात ४४४. २००६ साली देशाचा अंदाज अवघा १,४११ होता, हे ध्यानी घेता समाधान वाटणे स्वाभाविकच. मात्र हा आकडा सिद्ध कसा होतो, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही.

सरिस्कातील वाघ नामशेष झाल्याचे २००५ साली उघड झाले आणि पंजांच्या ठशांवरून वाघ मोजण्याची जुनी पद्धत निकालात निघाली. आता स्वयंचलित कॅमेऱ्यांनी टिपलेल्या पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखला जातो. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचे शास्त्रज्ञ त्यावर संख्याशास्त्राचे संस्कार करतात. परंतु या साऱ्याच्या आधी वनरक्षकाला आपले नियतक्षेत्र पायांखाली घालावे लागते. पाऊलखुणा, विष्ठा, खोडांवरील ओरखडे नोंदवायचे. आखलेल्या रेषेवरून चालत चितळ-सांबरे मोजायची. २०२२ च्या फेरीत ही पायपीट ६,४१,४४९ किलोमीटर भरली. चंद्र गाठून परतीचा निम्म्याहून अधिक रस्ता कापावा, एवढे हे अंतर!

याच फेरीच्या कामात २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या कोलारा परिक्षेत्रात वाघिणीच्या हल्ल्यात एका महिला वनरक्षकाचा मृत्यू झाला. सोबत तीन मजूर होते. वाटेवर वाघीण बसलेली दिसताच ही मंडळी थांबली, बराच वेळ वाट पाहिली आणि मग झाडीतून वळसा घालून पुढे निघाली. तेथेच घात झाला. पर्यटकांची लाडकी असलेल्या त्या वाघिणीची छायाचित्रे देशभर पोहोचली होती. तिला दोष देण्यात अर्थ नाही. ते तिचेच घर. त्यानंतर पायी सर्वेक्षण काही काळ थांबविण्यात आले, आणि पुढे ते पूर्णही झाले.

११ सप्टेंबर हा राष्ट्रीय वनशहीद दिन. १७३० साली खेजडलीत वृक्षांसाठी प्राण देणाऱ्या ३६३ बिश्नोईंचे त्या दिवशी स्मरण होते, पुष्पचक्रे वाहिली जातात. ते योग्यच आहे. पण वनरक्षक निदान सरकारी सेवेत असतो. त्याच्या पुढे झुडपे सारीत चालणाऱ्या रोजंदारी मजुराचे काय? त्याचा विमा कोणी उतरवायचा? त्याच्या घरच्यांनी कोणाच्या दारी जायचे?

नवी यंत्रे, नवे कॅमेरे यांसाठी निधी मिळतो; तो मिळावाच. त्याच निधीतून प्रत्येक पायी तुकडीला बिनतारी संच आणि मजुरांना विमा देणे अवघड नाही. शिवाय वाघ वाटेत बसला असेल, तर त्या दिवसाची रेषा अर्धवट सोडून परतण्याची मुभा तुकडीला लेखी आदेशाने असावी. रेषा दुसऱ्या दिवशीही चालता येते.