दहा हजारांचा पडदा आणि एका वर्षाची हमी

दसरा जवळ आला की गावोगावच्या दुकानांत आणि घरबसल्या खरेदीच्या बाजारात 32 इंची सपाट पडद्याच्या दूरचित्रवाणी संचांची रास लागते. किंमत दहा हजार रुपयांच्या आसपास. सणाच्या सवलतीत त्याहूनही खाली. हा संच घेणारा बहुधा रिक्षाचालक असतो, गवंडी असतो, अंगणवाडी सेविका असते. त्याच्या लेखी दहा हजार रुपये म्हणजे महिन्याच्या कमाईचा मोठा भाग, नव्हे कधी सगळीच कमाई. विकत घेतलेली वस्तू किती वर्षे टिकेल, हा प्रश्न अशा घरात चैनीचा नसतो, संसाराच्या हिशेबाचा असतो. आणि नेमके याच प्रश्नाचे उत्तर ना खोक्यावर छापलेले असते, ना जाहिरातीत, ना हमीपत्रात.

या स्वस्ताईला नाके मुरडण्याचे कारण नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले, तेव्हा संच असलेले घर चाळीत एखादेच असे आणि शेजारपाजारची मुले त्या घराच्या उंबऱ्यावर दाटीवाटीने बसत. 1982 मध्ये दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत चित्र आले. पण रंगीत संचासाठी पगारदार माणसालाही अनेक महिन्यांचे वेतन मोजावे लागे. आज त्याच माणसाच्या घरकामवालीच्या भिंतीवर रंगीत पडदा आहे, आणि तो जुन्या संचाहून हलका, सुबक व विजेच्या बाबतीत काटकसरी आहे. साधारण 50 वॉटचा संच रोज पाच तास चालला तरी वर्षाला 90 युनिटांच्या आसपासच वीज लागते. ही प्रगती खोटी नाही. प्रश्न एवढाच, की ती किती दिवसांची.

संचाचा गाभा म्हणजे द्रवस्फटिकाचे पॅनेल. उत्पादनखर्चात निम्म्याहून अधिक वाटा एकट्या त्याचा, आणि ते बव्हंशी चीनमधून येते. येथील कारखाने मुख्यत्वे जुळवणीचे. पॅनेलच्या किमतीवर जुळवणी करणाऱ्याचा अंकुश चालत नाही. साहजिकच हात आखडता घेतला जातो तो उरलेल्या भागांत. द्रवस्फटिकाला स्वतःचा उजेड नसतो. पाठीमागच्या एलईडी दिव्यांचा प्रकाश तो अडवतो वा सोडतो, एवढेच. दिव्यांची संख्या कमी केली की खर्च वाचतो. परंतु उजेड तेवढाच हवा असल्याने उरलेल्या दिव्यांतून अधिक विद्युत्प्रवाह सोडावा लागतो. प्रवाहाबरोबर उष्णता वाढते, आणि उष्णता ही दिव्यांची व वीजपुरवठ्याच्या भागातील कपॅसिटरांची सर्वात मोठी वैरीण. त्यातच हे दिवे एकामागोमाग एक असे एकाच ओळीत जोडलेले असतात. गणपतीच्या आराशीतील माळेप्रमाणे एक दिवा गेला की सारी ओळ विझते. मग आवाज चालू राहतो आणि चित्र नाहीसे होते. स्वस्त संचांच्या मालकांना या दुखण्याची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही.

वस्तुतः हे दुखणे जीवघेणे नाही. दिव्यांच्या पट्ट्या बदलता येतात आणि जाणकार कारागीर दीड-दोन हजारांत संच पुन्हा सुरू करून देतो. अडचण येते ती अन्यत्र. ज्या छापाचा संच आहे त्याच्या मापाची पट्टी मिळेल याची खात्री नसते. अनेक कंपन्या दुसऱ्यांच्या कारखान्यांतून माल जुळवून घेतात. काहींनी तर परदेशातील जुनी नामवंत नावे परवान्याने घेतली आहेत. दोन वर्षांनी तोच छाप आणि तोच क्रमांक बाजारात असेलच असे नाही. आणि दोष पॅनेलमध्येच असला, पडद्यावर उभ्या रेघा उमटल्या, तर नव्या पॅनेलची किंमत नव्या संचाच्या इतकी जवळ जाते की दुरुस्तीचा विचार करणाराच वेडा ठरतो. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण येथे शब्दशः खरी होते.

म्हणूनच संचाचे मोल त्याच्या विक्रीच्या किमतीवरून न ठरवता वर्षाच्या खर्चावरून ठरवले पाहिजे. दहा हजारांचा संच तीन वर्षांत निकामी झाला तर तो वर्षाला सुमारे 3,300 रुपयांना पडला. सोळा हजारांचा आठ वर्षे टिकला तर वर्षाला 2,000 रुपयांना. यात स्वस्त कोणता? अर्थात महाग संच हमखास टिकाऊच असतो असेही नाही आणि स्वस्त संच सात-आठ वर्षे बिनतक्रार चालल्याचीही उदाहरणे आहेत. परंतु ग्राहकाला हा हिशेब मांडता येण्यासाठी ज्या एका आकड्याची गरज आहे, तो आयुष्याचा आकडाच त्याच्यापासून दूर ठेवला जातो.

संच ‘स्मार्ट’ झाल्यापासून आयुष्याला आणखी एक मर्यादा आली आहे. पडदा धडधाकट असतो, दिवे उजळत असतात. परंतु आतील स्मरणशक्ती तुटपुंजी असल्याने आणि संगणकीय प्रणालीचे अद्ययावतीकरण थांबल्याने एकेक अॅप चालेनासे होते. हे म्हातारपण यंत्राचे नसते, निर्मात्याच्या अनास्थेचे असते.

कायदा याबाबत काय म्हणतो? दूरचित्रवाणी संचाची भारतीय मानक ब्यूरोकडे नोंदणी आवश्यक आहे. पण ती सुरक्षिततेपुरती. संचावरील तारे विजेचा खप सांगतात. धक्का बसणार नाही आणि वीज जास्त लागणार नाही, एवढे आश्वासन सरकार ग्राहकाला मिळवून देते. संच टिकेल की नाही, याविषयी मात्र मौन. बहुतेक स्वस्त संचांना हमी एका वर्षाची. ते वर्ष उलटल्यावर संच बंद पडला तर मुळातच त्यात दोष होता हे दाखवून देण्याची जबाबदारी ग्राहकावर येऊन पडते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये जिल्हा आयोगापुढे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारीचे शुल्क नाही, हे खरे; परंतु रोजंदारी बुडवून आयोगाच्या पायऱ्या चढणे किती जणांना परवडेल?

ग्राहकहिताचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. 1974-75 च्या सुमारास पुण्या-मुंबईत ग्राहक पंचायतीची चळवळ उभी राहिली, तेव्हा देशात 1986 चा पहिला ग्राहक संरक्षण कायदाही झालेला नव्हता. त्या काळी लढा भेसळीचा आणि मापातील पापाचा होता. आज माप बरोबर असते, पडदा पुरेपूर 32 इंची भरतो. खोट असते ती काळाच्या मापात. केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. पाठोपाठ वस्तू किती दुरुस्तीयोग्य आहे हे दाखवणाऱ्या निर्देशांकासाठी समिती नेमली आणि तिचा अहवाल मे 2025 मध्ये सादर झाला. पाऊल योग्य दिशेने आहे; पण निर्देशांकाचा पहिला रोख भ्रमणध्वनी आणि टॅब्लेट यांच्यावर आहे. गरीब घरातील सर्वात महागड्या वस्तूंपैकी एक असलेला दूरचित्रवाणी संच त्या रांगेत मागे राहता कामा नये.

युरोपीय संघाने 1 मार्च 2021 पासून पडद्याच्या उपकरणांना नियम लावले आहेत. एखाद्या प्रकारचा शेवटचा संच बाजारात आल्यानंतरही वीजपुरवठ्याच्या भागासारखे ठरावीक सुटे भाग किमान सात वर्षे आणि प्रणालीची अद्ययावत आवृत्ती आठ वर्षे उपलब्ध ठेवणे तेथे बंधनकारक आहे. असे नियम येथे आणले तर किमती वाढतील, असा आक्षेप घेतला जाईल. थोड्या वाढतीलही. पण आजची किंमत कमी दिसते, ती उरलेली रक्कम पुढच्या खरेदीवर ढकलल्यामुळे. आणि ती फेडणाराही तोच गरीब ग्राहक असतो. शिवाय टाकून दिलेला संच नाहीसा होत नाही. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी निर्मात्यावर पुनर्प्रक्रियेची जबाबदारी टाकली आहे. पण संच कचरा होण्यास जितकी वर्षे अधिक लागतील तितके हे ओझे हलके होईल.

तोवर ग्राहकाने आपल्या परीने सावध राहावे, हे उत्तम. दुकानात डोळे दिपवणारा उजेड घरी निम्म्यावर आणला तरी दिव्यांचे आयुष्य वाढते. संच भिंतीला घट्ट चिकटवू नये, हवा खेळती ठेवावी. वळवाच्या विजा कडाडू लागल्या की प्लग आणि छत्रीची तार दोन्ही काढावीत. विकत घेण्यापूर्वी आपल्या तालुक्याच्या गावी दुरुस्ती करणारा कोण, हे विचारावे आणि पावती जपून ठेवावी. मात्र ग्राहकाच्या शहाणपणावर सारा भार टाकून निर्माता आणि शासन यांना मोकळे होता येणार नाही.

स्वस्त वस्तू मिळणे हा गरिबाचा हक्क आहे. परंतु ती किती टिकेल हे आधी कळणे आणि बिघडल्यास दुरुस्त होणे, हाही त्याच हक्काचा भाग आहे. खोक्यावर इंच छापता येतात, वॉट छापता येतात. मग वर्षे का छापता येऊ नयेत?