आरोग्यचिंतन : एक द्वार, तीन अवयव

बीदर-कलबुर्गीकडे मामा-भाचीचा विवाह परका नाही. म्हणून वाचकहो, एक गोष्ट ध्यानी असावी. पेशींच्या आवरणात पोटॅशियमची ये-जा राखणारी सूक्ष्म द्वारे असतात. त्यांतील एकच प्रकार मेंदू, अंतःकर्ण व मूत्रपिंड या तिन्ही ठिकाणी आढळतो. त्याचे जनुक सदोष असल्यास बालकास अपस्मार, तोल जाणे, बहिरेपणा व मूत्रावाटे क्षारांचा ऱ्हास असे विकार एकत्र जडतात, हे २००९ साली उलगडले. मातापिता दोघेही निरोगी वाहक असले, तर प्रत्येक अपत्यास हा धोका २५ टक्के असतो. आणि रक्ताच्या नात्यात असे दोन वाहक एकत्र येण्याचा संभव वाढतो. विकार विरळा खरा. तथापि तान्ह्या मुलास झटके येऊन ऐकूही कमी येत असेल, तर रक्तातील पोटॅशियम व मॅग्नेशियम तपासून घ्यावे. दैवाला बोल लावण्यापूर्वी डॉक्टरांना घरातील नातेसंबंध निःसंकोच सांगावेत.